धक्क्यावर बदललेला बाटला

गोदामात सगळे तिला वहिनीच म्हणत. सुपरवायझर तिचा धाकटा दीर. त्याच्या तोंडची हाक साऱ्यांनी उचलली होती. नऊ वर्षं ती फोर्कलिफ्ट चालवत होती, आणि गाडीच्या इंधनाच्या गॅसचा बाटला बदलायचा तो बाहेरच्या उघड्या शेडमध्येच, हा तिचा नेम कधी चुकला नव्हता.

त्या दुपारी मात्र फोर्कलिफ्ट आचके देत गोदामाच्या आत, माल चढवायच्या धक्क्यावरच बंद पडली. बाटला रिकामा. समोर ट्रक अर्धा भरलेला आणि ड्रायव्हरचा हात हॉर्नवर.

"वहिनी, इथेच बदला," भरलेला बाटला ढकलत आणून दीर म्हणाला.

"आत नको, भाऊजी. दुसऱ्या गाडीनं ओढून बाहेर नेऊ."

"त्यात अर्धा तास जाईल. तुमच्या तर हातचा मळ आहे!"

ती गाडीवरून उतरली. हातमोजे, चष्मा चढवला, रिकामा बाटला उतरवला, भरलेला बसवून पट्टा आवळला. जोडणीतलं, गळती रोखणारं रबर बघायचं होतं. तेवढ्यात पुन्हा हॉर्न वाजला आणि ते राहिलं. तिनं नळी जोडून बाटल्याची चावी फिरवली.

फस्स!

जोडणीतून पांढरी वाफ उसळली. कुजकट वास नाकात शिरला. ती चावी उलटी फिरवायला गेली, तर चावी मध्येच अडकली. वाफ जमिनीलगत उताराकडे सरकू लागली. हा गॅस हवेहून जड, खोलगट जागा शोधणारा. आणि उताराच्या टोकाला, दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून फिटर ग्राइंडरला नवी चकती लावत होता. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या.

दिराचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटण नको! ठिणगी उडेल!" ती किंचाळली. "फिटरला धरा!"

दीर धावला. आता पळायचं की चावी धरायची? घरच्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढून सर्रकन गेले. तिनं दोन्ही हातांनी चावीवर सगळा भार टाकला. द्रव गॅसनं हातमोजा भिजला, बोटांना बर्फाचा चटका बसला. तिनं सोडलं नाही. तिकडे दिरानं खड्ड्यात उडी घेतली आणि ग्राइंडर सुरू होणार तोच फिटरचं मनगट पकडलं.

चावी कुरकुरली, फिरली. आवाज थांबला.

सगळे बाहेर पडले. दारं सताड उघडी टाकून, वास पुरता जाईपर्यंत कोणी आत पाऊल टाकलं नाही. जोडणीत रबर नव्हतंच.

तिची दोन बोटं पांढरी पडली होती. कोमट पाण्याचं भांडं दिरानं स्वतः धरलं.

"वहिनी, तुम्हाला काही झालं असतं तर दादाला कुठल्या तोंडानं..."

"फिटरच्या घरीही कोणीतरी आहे, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही घाई केलीत, आणि मी तुम्हाला ठाम नाही म्हटलं नाही. दोघांचंही चुकलं."

भांडं तिच्या मांडीवर ठेवून तो उठला आणि साहेबांना सांगायला गेला, की हुकूम माझा होता.