सीटखालचा टॉमी

मी टॉमी बोलतोय. थांबा, बिस्किट काढू नका! कुत्रा नाही मी. मी लोखंडाचा दांडा, टायर उचकटायला घडवलेला. शिक्षण म्हणाल तर अंगावर कारखान्याचं एक अक्षर ठोकलं होतं, तेही झिजलं. म्हणजे आता पाटी कोरी.

भट्टीत लालबुंद केलं, घणाखाली कुटलं, पाण्यात बुचकळलं. जन्मलोच मार खात. तेव्हा मार काय असतो ते मला विचारा.

मालकानं मला घरच्या गाडीत ठेवलं, स्वतःच्या सीटखाली. शेजारी बायको बसायची, मागे त्याची आई. त्या घराचा एक मंत्र होता, मार दिल्याशिवाय काही सुधारत नाही. पंखा अडला, मार. टीव्ही मुका झाला, दे थापड. म्हातारी कौतुकानं सांगायची, "ह्याचे वडील रेडिओला एक लगावायचे, लगेच गायला लागायचा!" रेडिओ गेला, थापड वारशात आली.

मग गाडीला थरथर लागली. पळताना बरी, पण सिग्नलला उभी राहिली की थंडीताप भरल्यासारखी हलायची. आरसा नाचायचा, म्हातारीची कवळी वाजायची. कधी मध्येच बंद.

मालक उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि इंजिनावर बुक्क्या. धाड, धाड! आणि गंमत बघा, थरथर थांबायची!

"बघितलंस?" तो बायकोला म्हणायचा.

"बघितलं. परवाही असंच बघितलं होतं," ती म्हणायची.

कारण दोन दिवसांत गाडी पुन्हा थरथरायची. मग बुक्क्या पुरेनात. मग मी. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. सीटखालच्या अंधारात कोण कुजत पडेल?

एका दुपारी चौकात गाडी बंद पडली. मागे ट्रक. त्यानं हॉर्नवर जो हात ठेवला, तो काढायलाच तयार नाही. वर ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, गाडी विकता का भंगारात? मीच ढकलत नेतो!"

मालकानं मला उपसलं. पहिल्या फटक्यात ट्रकचा दिवा फुटला. ड्रायव्हर खाली उतरला, मालकाची गचांडी धरली आणि त्याला त्याच्याच बॉनेटवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. मालक डोळे मिटून मला गरागरा फिरवत सुटला.

"अहो, सोडा! सोडा त्याला!" बाई मध्ये धावली.

मी कुठे बसलो ते मालकाला दिसलं नाही. मला कळलं. गंजलेले नट तुटताना मी ऐकलेत, पण तो आवाज वेगळा. वाळकी काटकी मोडावी तसा.

ट्रकवाल्यानंच गचांडी सोडली. "अरे बाबा, बाईचं मनगट बघ!"

उजवं मनगट. प्लास्टर घालून घरी आल्यावर बाई शांतपणे बोलली, "गाडी नीट होत नाही, तोवर मी हिच्यात बसणार नाही. आणि पुन्हा कुणावर हात उचललात, तर ह्या घरातही राहणार नाही. पुढच्या सिग्नलला कुणाचं तरी डोकं फुटेल."

म्हातारी म्हणाली, "मनानं वाईट नाही गं तो. राग आहे नुसता."

"हो ना आई. तोच बांधून दिलाय डॉक्टरांनी हाताला."

दुसऱ्या दिवशी मालक गाडी गॅरेजात घेऊन गेला. बाई मागून रिक्षानं पोचली. मिस्त्री बोलबच्चन. प्लग बदलले, फिल्टर साफ केला, म्हणाला, "आता ऐका, बाळ झोपल्यासारखं!"

चालू केली. थडथडथड.

"बाळाच्या पोटात दुखतंय वाटतं," बाई म्हणाली. मग जरा थांबून, "एक सांगू? हे बुक्की मारतात, तेव्हा दोन दिवस बरी चालते."

मिस्त्रीचे हात थांबले. "मग पोटात काही नाही हो तिच्या. कुठेतरी काहीतरी सैल आहे. एखादा लांब लोखंडी दांडा आहे?"

बाईनं डाव्या हातानं मला सीटखालून ओढलं. मालकानं मान खाली घातली.

मिस्त्रीनं माझं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं स्वतःच्या कानाला. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलची एक पिचकारी असते, ती चालू असली की टिकटिकते. पहिली टिकटिक. दुसरी टिकटिक. तिसरी मुकी!

त्यानं बाईलाही ऐकवलं. ती कान लावून उभी राहिली. एवढी वर्षं मी माणसांच्या हातात, पण माझ्यातून कुणी काही ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिसऱ्या पिचकारीवरचं वायरचं टोपण फुटून लुळं पडलं होतं. मिस्त्रीनं नवं बसवलं. कट्! आणि इंजिन गप.

"बंद पडली?" मालक दचकला.

"चालू आहे साहेब."

"पण मारल्यावर सुधारायची की..."

"मारूनच फुटलं हे. दणका बसला की टोपण घडीभर जागेवर यायचं. तुम्हाला वाटायचं, सुधारली."

मालकानं मला घ्यायला हात पुढे केला. बाईनं दिलं नाही.

आता मी तिच्या सीटखाली असतो. मागून हॉर्न वाजला की मालकाचा हात सवयीनं त्याच्या सीटखाली जातो, रिकामा वर येतो आणि मांडीवर बसतो. मला आतल्या आत हसू येतं. मग बाईचं मनगट दिसतं आणि हसू तिथंच गंजतं. गाडी सुधारली, पण ते मनगट वाकडंच जुळलं. बरणीचं झाकण तिला फिरवता येत नाही, मालक उघडून देतो. परवा झाकण घट्ट होतं. त्यानं बरणीला थापड मारायला हात उगारला. बाईनं नुसतं बघितलं. त्यानं हात खाली घेतला आणि हळूहळू झाकण फिरवलं.

तर मंडळी, म्हाताऱ्या लोखंडाचं एवढं ऐका. मला उचललंत तर आधी कानाला लावा. आणि ऐकायचं नसेल, उगारायचंच असेल, तर बाबांनो, मला सीटखालीच कुजू द्या. तिथं काळोख आहे, पण कुणाचं हाड मोडल्याचा आवाज येत नाही.