लुएलाने परत केलेली गाडी

माझी थोरली बहीण लुएला ट्रिप्लेट ओहायोच्या डोंगराळ भागात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. कुणाची जखम बांधायची, कुणाला इन्सुलिन टोचायचं. सव्वीस वर्षं झाली. जुन्या गाडीचा तळ गंजून रस्ता दिसायला लागला, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली.

तिसऱ्याच आठवड्यात ती गाडी चालता चालता बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही. इंजिन गप्प आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. पाच मिनिटांनी काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू झाली.

शोरूमच्या सर्व्हिस खात्यात कर्टिस नावाचा मॅनेजर होता. त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. "कंप्युटरवर काहीच दिसत नाही, मॅडम. तुम्ही औषधांची बॅग पायाशी ठेवता का? चुकून पाय कुठे लागत असेल."

"माझे पाय कुठे असतात ते मला कळतं," लुएला म्हणाली.

गाडी पुन्हा बंद पडली, पुन्हा दुरुस्तीला गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी इंधनाचा पंप बदलला आणि कागदावर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' चौथ्या वेळी ती सॉयर टेकडीच्या उतारावर बंद पडली. मागून ओंडक्यांनी भरलेला ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ऐन वेळी चाकं कडेच्या चरात घातली म्हणून ती वाचली. गाडीचा एका बाजूचा आरसा तेवढा उडाला.

मी तिला आणायला गेलो, तेव्हा ती गवतात बसून डायरीत वेळ लिहीत होती. अक्षर वेडंवाकडं येत होतं. "वेंडेल," ती म्हणाली, "आता ही त्यांच्याकडे दुरुस्तीला जाणार नाही."

आमच्या राज्यात अशा गाडीला लोक लिंबू म्हणतात. एकच दोष तीनदा दुरुस्तीला देऊनही गेला नाही, तर कंपनीने पैसे देऊन गाडी परत घ्यायची, असा कायदा आहे. लुएलाने तो वाचनालयातून छापून आणला आणि लवादाकडे अर्ज केला. तारीख मिळेपर्यंत सहा आठवडे तिला रुग्णांकडे मीच सोडत होतो. माझं फर्निचर दुरुस्तीचं दुकान सकाळी बंद, आणि मी हॅटीआजीसारख्या एखाद्या रुग्णाच्या अंगणात कुत्र्यांचं भुंकणं ऐकत बसलेलो. खरं सांगतो, मी वैतागलो होतो.

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील, ऑल्डरमन, आम्हाला बाहेरच गाठून गोड बोलू लागला. "आत जायची गरजच नाही. कंपनी सदिच्छा म्हणून तुम्हाला दुसरी नवी गाडी देते. आजच. इथे सही करा."

माझा जीव भांड्यात पडला. लुएलाने कागद दोनदा वाचला.

"आणि माझी ही गाडी?"

"ती आम्ही बघू."

"विकणार?"

"तपासून, हो."

"घेणाऱ्याला सांगणार?"

ऑल्डरमन हसला. "त्याची काळजी तुम्ही कशाला करता?"

"कायद्याने परत घेतलीत, तर तिच्या मालकीच्या कागदावर तसा शिक्का बसतो. सदिच्छेने घेतलीत, तर बसत नाही. म्हणजे ही उद्या कुणाच्या तरी दारात नवीसारखी उभी राहणार." तिने कागद त्याच्या हातात परत ठेवला. "चला आत."

मी तिचा दंड धरला. "लुएला, गाडी मिळतेय. हरलीस तर हेच लिंबू गळ्यात राहील."

"तुला मला सोडायचा कंटाळा आलाय, ना? मग उद्यापासून नको येऊस. मी चालत जाईन. पण सही करणार नाही."

मी ओशाळलो आणि तिच्या मागोमाग आत गेलो.

लवाद म्हणून ऑयलरबाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या. ऑल्डरमनने 'दोष आढळला नाही' असे तिन्ही कागद एकेक करून टेबलावर मांडले. कर्टिसनेही मान डोलावली.

लुएलाने डायरी उघडली. गाडी बंद पडल्याची प्रत्येक तारीख, वेळ, रस्ता, किती मिनिटं, कोण जवळ होतं, सगळं त्यात होतं. "मी नर्स आहे," ती म्हणाली. "मी पोचते तेव्हा रुग्णाला ताप नसला, तर रात्री ताप आलाच नव्हता असं मी लिहीत नाही. घरच्यांना विचारते." मग ती कर्टिसकडे वळली. "दोष नव्हता, तर पंप का बदललात?"

कर्टिसने ऑल्डरमनकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे बघू नका," ऑयलरबाई म्हणाल्या. "उत्तर द्या."

"खबरदारी म्हणून," कर्टिस पुटपुटला.

"कशाची खबरदारी?" ऑयलरबाईंनी विचारलं.

त्यावर लुएलाने ट्रकवाल्याचं सही केलेलं पत्र पुढे सरकवलं.

निकाल दोन आठवड्यांनी टपालाने आला. कंपनीने कायद्याखाली गाडी परत घ्यायची आणि कागदावर तशी नोंद करायची.

गाडी द्यायला आम्ही शोरूममध्ये गेलो. कर्टिसने किल्लीसाठी हात पुढे केला.

"आधी शिक्का दाखवा."

"तो नंतर होतो, मॅडम."

"मग किल्लीही नंतर." ती काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली आणि पिशवीतून सँडविच काढून मला अर्धं दिलं. गाडी घ्यायला आलेलं एक जोडपं आमच्याकडे बघत होतं. बाईने विचारलं, "काय झालं हो?" लुएलाने सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पण पार मागच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल इतकं स्पष्ट. जोडपं निघून गेलं. मग कागद तासाभरात तयार झाला.

तिने चष्मा लावून शिक्क्यातला शब्द न् शब्द वाचला आणि किल्ली काउंटरवर ठेवली.

"आमच्याकडून तुम्हाला पुन्हा गाडी मिळणार नाही," कर्टिस म्हणाला.

"तेही लिहून द्या," लुएला म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल, हॅटीआजीचं ड्रेसिंग राहिलंय."