एक दिवस उशिराची ईद

खैरुद्दीनभाई खुर्चीतून उठले, काचेच्या दाराशी गेले, रस्त्यावर कोणी नाही हे पाहून परत आले आणि बसता बसता पुन्हा उठले. ऊद मेथाच्या त्या गल्लीत ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोण असणार? सगळे दुबईकर एक तर झोपलेले, नाही तर खैरुद्दीनभाईंनीच पाठवलेल्या कुठल्या ना कुठल्या देशात.

सुट्टीत ट्रॅव्हल एजन्सीत एक माणूस लागतोच. परदेशी गेलेल्या ग्रुपमधल्या कोणाची बॅग हरवली, कोणाला हॉटेलात शाकाहारी मिळालं नाही, तर ओरडायला कोणी तरी हवं. ही ड्यूटी यंदा त्यांनी स्वतः मागून घेतली होती. मालक नीरव म्हणालासुद्धा, "खैरुद्दीनभाई, घर बैठो ना. फोन तो घरपे भी आ सकता है." पण घरी बसवत नव्हतं, हीच तर अडचण होती.

सकाळी निघताना बायकोनं, मैमुनाबीनं, शिरखुर्म्याची वाटी पुढं केली आणि म्हणाली, "आज तिची ईद."

"ईद काल झाली."

"आपली झाली. तिकडं चांद उशिरा दिसला."

खैरुद्दीनभाईंनी वाटी तशीच ठेवली आणि बूट घातले.

'ती' म्हणजे लायबा, त्यांची एकुलती एक मुलगी. मलेशियात, मलाक्का गावात राहत होती. तिथल्या टूर एजंटशी, इद्रीसशी, तिनं लग्न केलं होतं. आणि या इद्रीसला घरी आणलं कोणी? खुद्द खैरुद्दीनभाईंनी! दुबईच्या पर्यटन मेळ्यात ओळख झाली, परदेशात एकटा पोरगा, बिचाऱ्याला घरचं जेवण द्यावं म्हणून ते त्याला घेऊन आले. पोरगा जेवला, पुढच्या वर्षीही जेवला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं मागणी घातली. रत्नागिरीत भावाच्या मेहुण्याला लायबाच्या लग्नाचा शब्द देऊन बसलेले खैरुद्दीनभाई पेटले. "ज्या ताटात जेवला, त्याच घरात हात घातला," म्हणाले. लायबा गेली ती गेलीच. नातू झाला, तेही त्यांना मैमुनाबीच्या फोनवरच्या हसण्यावरून कळलं.

गंमत अशी, की धंदा मात्र सुटला नाही. मलाक्कात इद्रीसइतका चोख माणूस दुसरा नव्हता. रोज इमेल जात होते. तिकडून 'डिअर सर', इकडून 'नोटेड विथ थँक्स'. सासरा-जावई इतके सभ्यपणे भांडलेले कोणी पाहिले नसतील.

आणि मलाक्का विकावं तर खैरुद्दीनभाईंनीच. "एकाच गल्लीत मशीद, चिनी देऊळ आणि आपला गणपती, हबीबी! ईदला ओपन हाउस. मलाय माणसाचं दार उघडं, चिनी शेजारी येतो, तमिळ शेजारी येतो, तुम्ही पण जा, जेवा. कोणी विचारत नाही तू कोण." स्वतः ते एकदाही गेले नव्हते. गिऱ्हाइकाला पटवताना मात्र त्यांचा चेहरा उजळायचा, आणि गिऱ्हाईक गेलं की उतरायचा.

गेल्या आठवड्यात इद्रीसचा इमेल आला. दरवर्षीच्या यजमान कुटुंबात आजारपण आहे, तेव्हा यंदा आपला ग्रुप आमच्या स्वतःच्या घरी जेवेल. खैरुद्दीनभाईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि लिहिलं, 'नोटेड विथ थँक्स.'

म्हणजे आज, या घडीला, त्यांनी पाठवलेली बसभर माणसं त्यांच्या मुलीच्या घरात जेवत होती. ते पुन्हा दाराशी जाऊन आले.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. ग्रुपमधल्या प्रमिलाताई, जन्म पुण्यातला आणि तक्रारी जगभरच्या.

"खैरुद्दीनभाई, ईद मुबारक! अहो, काय घर दिलंत तुम्ही आम्हाला! आणि तुम्ही बोलला नाहीत, ही मुलगी मराठी बोलते! सांदण केलंय तिनं, आपलं कोकणातलं! माझ्यासाठी वेगळी भाजी. आमची अवनी म्हणते, 'मम्मा, बेस्ट पार्ट ऑफ द ट्रिप.'"

"हो का," खैरुद्दीनभाई कसेबसे म्हणाले.

"आणि इथली ती पद्धत! घरातली धाकटी माणसं येतील त्या मोठ्यांचा हात हातात घेऊन माफी मागतात. उघड चुकलं ते माफ करा, मनातल्या मनात चुकलं तेही माफ करा. माझीसुद्धा मागितली हो! मी म्हटलं, अगं, आपण आत्ताच भेटलो, तुझं काय चुकणार? थांबा, तुम्हाला दाखवते. लायबा, ए लायबा, इकडं ये. हे आमचे एजंट. यांनाही म्हण ना ते, तुमच्या भाषेत."

नको, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण पडद्यावर लायबा आलीही होती. पायघोळ मलाय झगा, डोक्यावर ओढणी, हातात पाण्याचा जग. चेहरा भरला होता. आईवर गेली होती.

तिनं पाहिलं. जग खाली ठेवला. मागं सगळे पाहुणे होते.

"ईद मुबारक, सर," ती म्हणाली.

खैरुद्दीनभाईंना ते 'सर' फार लागलं. शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. बापाची अब्रू लोकांसमोर ती झाकत होती, हे त्यांना कळत होतं, म्हणून तर जास्तच लागलं.

"मआफ जाहिर..." लायबानं सुरुवात केली. सकाळपासून शंभर जणांना म्हटलेले शब्द. पण पुढचे आलेच नाहीत.

"विसरली वाटतं," प्रमिलाताई हसल्या.

"नको म्हणूस," खैरुद्दीनभाई म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं, लायबा. माझं चुकलं."

पलीकडं प्रमिलाताईंचं हसू थांबलं. "तुम्ही ओळखता हिला?"

"माझी मुलगी आहे."

मग लांबून इद्रीसचा आवाज आला, "यल्ला, यल्ला, बस इज रेडी," आणि त्यावर अवनीचा, "मम्मा, कम ऑन!"

"बस थांबेल!" प्रमिलाताई कडाडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची कडकड खैरुद्दीनभाईंना गोड लागली. "कोणी हॉर्न वाजवू नका. घे गं, फोन तुझ्याकडं घे. बोल निवांत."

फोन हातात आला तसं पडद्यावर नुसतं छत फिरलं, मग पंखा, मग स्वयंपाकघराची हिरवी भिंत. लायबा आत आली होती. ती रडत होती. शेवटी खैरुद्दीनभाईंनी प्रत्येक ग्रुपनंतर विचारायचं तेच विचारलं.

"जेवण पुरलं ना सगळ्यांना?"

"पुरलं, अब्बा," ती म्हणाली. ओढणीनं डोळे पुसले. "अजून दोन माणसं आली असती तरी पुरलं असतं."

खैरुद्दीनभाईंनी मान हलवली. फोन दोन्ही हातांत धरून ते तसेच बसून राहिले, आणि तिकडं मलाक्कात त्यांच्यासाठी एक भरलेली बस दारात उभी होती.