चिखलाच्या पोटातल्या होड्या

मित्रांनो, मी एक जुनी चिखलफळी आहे. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका सुताराने माझे टोक विस्तवावर शेकून वर वाकवले, म्हणून मी चिखलात रुतत नाही. ओहोटीला माझ्यावर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा, की मी सुर्र घसरत निघते.

मालसुन आजींनी माझ्यावरून चिखलात वाढणारे खुबे, म्हणजे गोल शिंपले, टोपल्याच्या टोपल्या आणले. पुढे त्यांची सून मिरान माझ्यावर बसू लागली. मग खुबे कमी होत गेले. मला परसातल्या भिंतीवर टांगले आणि माझ्यावर कोळिष्टके धरली.

"चिखलच मेला असेल, तर इथे राहून करायचं काय?" मिरान म्हणे आणि अंगणात खेळणाऱ्या आपल्या चिमुकल्या लेकीकडे, दासोमकडे बघत राही. गाव सोडावे की नाही, तिचे ठरत नव्हते.

त्या शरदात कोरिया, जपान आणि व्हिएतनाममधल्या विद्यापीठांची मुले एकत्र आली. आपापले किनारे पुढच्या पिढ्यांना पुरतील का, हे ती एकमेकांच्या किनाऱ्यांवर जाऊन शिकत होती. त्यांचे बूट चिखलात रुतले, तेव्हा गावाला माझी आठवण झाली! व्हिएतनामच्या थुईने मिरानला एक काचेची नळी दिली. "ताई, चिखल भरून आणाल?"

मिरानने माझ्यावरून दूर जाऊन नळी भरली. पण परतताना हाताची सवय नडली. आमच्याकडे माल किनाऱ्यावर आणायचा तो धुऊनच. चिखलाने भरलेला माल हाती देणे म्हणजे अपमान! तिने ओहळात नळी खळखळून धुतली आणि लख्ख करून थुईला दिली.

थुई बघतच राहिली. "ताई... चिखल कुठाय?"

"अगं बाई!" मिरानने कपाळावर हात मारला.

"चिखल धुतलास?" आजी हसता हसता खालीच बसल्या. "नशीब, उकळून सूप नाही केलंस!"

एव्हाना भरती सुरू झाली होती. मिरानने दासोमचा हात सासूच्या हातात दिला. "आई, हिला पाण्याजवळ सोडू नका. अजिबात सोडू नका हं." आणि आम्ही पुन्हा निघालो. इतक्या वेगाने मी कधीच घसरले नव्हते. परतताना पाणी माझी शेपटी चाटत होते, पण चिखलाने माखलेली नळी तिच्या छातीशी ताठ उभी होती.

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये मला दाराशी टेकवले. थुईने चिखलाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मिरानला बघवेना. दासोमच स्टुलावर चढली, डोळा लावला आणि श्वास घ्यायलाच विसरली.

"आई! आत फळ्या आहेत! सोन्याच्या! सगळ्या पळतायत!"

मिरान वाकली. एका थेंबात होडीच्या आकाराचे असंख्य सोनेरी जीव संथ घसरत होते, अगदी माझ्यासारखे!

"हे खुब्यांचं जेवण," थुई हळूच म्हणाली. "खुबे परतायला वेळ लागेल, ताई. पण चिखल जिवंत आहे."

मिरान किती तरी वेळ तशीच वाकून होती. घरी आल्याआल्या तिने भिंतीतला माझा खिळा उपटून टाकला. आता आम्ही दोघी इथेच राहणार होतो.

मित्रांनो, जन्मभर मी ज्याला नुसता चिखल समजले, तो माझ्याच भावंडांनी भरला होता. पायाखालच्या कशालाही मेलेले म्हणण्याआधी एकदा वाकून बघा. आणि जरा जपून चाला. तिथे आधीपासून कुणीतरी वाटेला लागलेले असते.