बोळवण राहिलेली माता

मूल या तालुक्याच्या गावापासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यात देवरावांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना 'देवी डॉक्टर'च म्हणत. तसे ते डॉक्टर नव्हते. सायकलला पत्र्याची पेटी बांधून तीस वर्षं त्यांनी लोकांच्या देवी काढल्या, म्हणजे देवीची लस टोचली. चामोर्शीपासून पार गडचांदूरपर्यंत, मोहाच्या नि सागाच्या जंगलातून. त्यांची घंटी ऐकली की बाया लेकरांना धान साठवायच्या उंच ढोलीमागे लपवत. देवराव रागावत, ओरडत, "रोग लपवता? लेकराच्या जिवावर उठता?" असं म्हणत. मग ढोलीपाशीच बसकण मारून अभंग म्हणायला लागत. आवाज रामरायाने असा दिला होता की लेकरू ऐकायला म्हणून डोकं बाहेर काढी आणि त्याचा दंड यांच्या हाती सापडे.

सत्याहत्तर साली देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. देवरावांना सरकारचा शाबासकीचा कागद आला. तो त्यांनी रामाच्या तसबिरीला इतका चिकटवून टांगला की उदबत्तीचा धूर दोघांनाही सारखाच मिळावा.

तेव्हापासून रामनवमीला देवराव करीत त्या कीर्तनात, उत्तररंगाच्या कथेत, रावणाबरोबर देवीचाही वध होऊ लागला. चिपळ्या थांबवून देवराव दोन्ही हात वर करीत आणि विचारीत, "बोला, मोठी माता कुठी गेली?"

"गेली!" अख्खा मंडप ओरडे.

"अन् धाकटी? कांजण्यावाली?"

"तीबी गेली!"

झिंगूचा मृदंग कडाडे. मंडपात एकच तोंड मिटलेलं असे, ते त्यांच्या आईचं. ब्याऐंशी वर्षांच्या अंजनाबाई पहिल्या रांगेत बसून पोराकडे असं बघत, जसं त्याने अजून हातपाय धुतलेले नाहीत.

त्यालाही कारण होतं. देवराव सात वर्षांचे असताना त्यांना कांजण्या आल्या. घरात फोडणी बंद झाली, उंबऱ्यावर कडुनिंब लागला. माता अंगावर आली की शेवटी दहीभाताचं सूप गावच्या शिवेवर नेऊन ठेवायचं, तिची बोळवण करायची, ही रीत. पण नेमका त्याच दिवशी अंजनाबाईंचा सासरा वारला. घराला सुतक आलं नि बोळवण राहून गेली. पुढे अंजनाबाईंनी दरवर्षी आठवण करून दिली, दरवर्षी काही ना काही आडवं आलं. असं करता करता पोरगा देवी डॉक्टर झाला.

"माय, ती कवाचीच गेली."

"बोळवण केल्याबिगर पाव्हणी जाते का कधी?"

बोळवण राहून त्रेपन्न वर्षं झाली. मग चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात देवरावांच्या डाव्या कुशीत आग पेटली. तिसऱ्या दिवशी तिथे फोडांचा पट्टा उठला. ते गुपचूप मूलला गेले.

मूलच्या डॉक्टर सुलतानाबाई वयाने लेकीसारख्या, पण बोलायला तिखट. पाहताक्षणी म्हणाल्या, "नागीण आहे, भाऊ. लहानपणी कांजण्या आल्या होत्या का?"

"आल्या होत्या. गेल्याबी."

"बऱ्या झाल्या. गेल्या नाईत. ते विषाणू पाठीच्या कण्यापाशी नसांमध्ये लपून राहतात. वय झालं, अंगातली ताकद कमी पडली, का पुन्हा जागे होतात."

"त्रेपन्न वर्षांनी?"

"भाड्याचं घर थोडीच आहे खाली करायले!"

देवराव ताठ झाले. "बाई, मी देवी डॉक्टर आहो. तीस वर्षं नोकरी केली."

"म्हणून तर तुम्हाले सांगून राह्यली. वाचलेल्या माणसाच्या अंगात देवीचा विषाणू मुक्काम करत नव्हता, म्हणून तुम्ही तिले हाकलू शकले. ह्या कांजण्या मुक्कामाले राहतात." त्यांनी गुलाबी औषधाची बाटली पुढे केली. "हे लावा. अन् फोडांवर खपल्या धरेपर्यंत ज्या लेकराले कांजण्या आल्या नाईत, त्याले जवळ घेऊ नका. फोडांच्या पाण्यापासून त्याले कांजण्या होतात. ध्यानात राहील?"

राहील, म्हणाले. पण घरी येईस्तोवर त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट उरली होती. हे मायला कळलं तर? माता गेलीच नव्हती, हे डॉक्टरने लेखी दिल्यासारखं होतं! तीस वर्षांची सायकल, भिंतीवरचा कागद, मंडपातलं 'गेली!', सगळं एका कुशीतल्या फोडांनी उलटलं असतं. त्यांनी कंबरेला धोतराचा पट्टा गुंडाळला आणि घरात सांगितलं, उसण भरली.

आता उसण भरलेल्या आजोबाने नातीला दूर का ठेवावं? तीन वर्षांची गुलाब रोज भजनाला त्यांच्या डाव्या मांडीवर बसे, कारण उजवीकडे चिपळ्या वाजत. दोन दिवस त्यांनी तिला तिच्या आईकडे पिटाळलं. तिसऱ्या दिवशी ती रडली, सून कमला म्हणाली, "मामाजी, पोरीवर काऊन रागावले?" आणि देवरावांनी मांडी दिली. पोरगी कुशीत तोंड खुपसून झोपली. पट्टा ओला झाला होता, पण पट्टा होता ना!

रामनवमी आली. चैत्राचं ऊन, मंडपात उकाडा, अंगात पांढरा सदरा. बारा वाजत आले, रावण पडला, आणि देवरावांनी दात आवळून हात वर केले. "बोला, मोठी माता कुठी गेली?"

"गेली!"

"अन् धाकटी?"

उत्तर आलंच नाही. सगळ्यांचे डोळे त्यांच्या सदऱ्यावर. घामाने भिजलेलं गुलाबी औषध डाव्या कुशीतून झिरपत पार खिशापर्यंत चढलं होतं.

झिंगूचा हात मृदंगावर थबकला. "देवी डॉक्टर, तुमच्या अंगातून गुलाल निघून राह्यला!"

नेमकी रामजन्माची घटका. बायांनी पटापट हात जोडले. एक म्हातारी तर थेट पायावरच आली. अंगात येणं बिणं सगळं थोतांड आहे, असं त्याच मंडपात सांगणारे देवराव चिपळ्या घेऊन तसेच उभे, आणि लोक त्यांना फुलं वाहताहेत! अंजनाबाई तेवढ्या पाया पडल्या नाहीत. डावीकडे कलून उभं राहिलेलं पोर त्यांनी नीट पाहून घेतलं.

घरी आल्या आल्या म्हणाल्या, "सदरा काढ."

काढला.

"नागीण. अन् हे गुलाबी औषध सुलतानाबाईचं. काय म्हणते ती?"

समोर तसबिरीत राम. देवरावांनी मान खाली घातली. "म्हणते, लहानपणी आलेली गेलीच नव्हती. अंगातच होती."

अंजनाबाई हसल्या नाहीत. "मंग त्रेपन्न वर्षं मी काय सांगून राह्यली होती? एवढं ऐकायले मूलले गेला?"

तेवढ्यात कमला गुलाबला खांद्यावर घेऊन आली. पोर तापाने फणफणलेली. छातीवर, पोटावर पाण्याने भरलेले बारीक फोड. देवरावांनी पाहताक्षणी ओळखलं.

"हे माझ्यापासून झालं."

कमलाने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "मामाजी, तुम्हाले माहीत होतं?"

तीस वर्षं ढोलीमागे रोग लपवणाऱ्या बायांवर ओरडलेल्या माणसाने 'होतं' म्हणून मान डोलावली. आजवर ते जाऊन आले होते त्या घरांतली एकही ढोली त्यांना मागे लपायला पुरली नसती.

रामरायाची कृपा, पोर आठव्या दिवशी खेळायला लागली. सुलतानाबाई येऊन पाहून गेल्या, खपल्या धरल्या म्हणाल्या. अंजनाबाईंनी सुपात दहीभात, हळद, कडुनिंबाचा डहाळा मांडला. सूप डोक्यावर घ्यायचं ते माता अंगावर येऊन गेलेल्यानेच, ही पण रीत. कमलाला आणि तिच्या नवऱ्याला माता कधी आलीच नव्हती, आणि अंजनाबाईंच्याने शिवेपर्यंत चालवत नव्हतं. उरले एकच.

"तुझी राह्यलेली अन् पोरीची, दोघींची एकदाच कर," अंजनाबाई म्हणाल्या.

देवी डॉक्टर भर गावातून सूप डोक्यावर घेऊन निघाले. झिंगू पारावर होताच. "काय देवी डॉक्टर, टोचायले चालले का पोचवायले?"

"पोचवायले," देवराव म्हणाले, आणि थांबले नाहीत.

शिवेवरच्या मोहाखाली त्यांनी सूप ठेवलं, हात जोडले. रीतीप्रमाणे मागे वळून पाहिलं नाही. पाहून करायचं काय? जिची बोळवण करायला आलो ती नातीच्या कण्यापाशी मुक्कामाला बसली, हे त्यांना ठाऊक होतं.

दारात अंजनाबाईंनी पायावर पाणी घातलं. "पोचवली?"

हो म्हणणं सोपं होतं. म्हातारी त्या शब्दासाठी त्रेपन्न वर्षं थांबली होती. पण खोटं बोलण्याची किंमत घरातच खेळत होती.

"नाई, माय. गुलाबच्या अंगात राह्यली. राहतेच म्हणते डॉक्टरीण."

अंजनाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "मंग पोरीले सांगून ठेव. मोठेपणी पुन्हा आली तर लपवू नोको म्हणा."

पुढच्या रामनवमीला मंडप खच्चून भरला, गुलाल पुन्हा निघेल या आशेने. देवरावांनी हात वर केले.

"मोठी माता कुठी गेली?"

"गेली!"

"अन् धाकटी?"

लोक चाचरले. तेव्हा पहिल्या रांगेतून, मांडीवर गुलाबला घेऊन बसलेल्या अंजनाबाई पहिल्यांदाच ओरडल्या,

"घरातच आहे!"

झिंगूने मृदंगावर थाप मारली.