बोआतेंगचा वेगळा डबा

"कोच, आता अंडी, कोंबडी, ती प्रोटीनची पावडर, सगळं कमी करायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग खाऊ काय? गवत?" बोआतेंगनं हसून विचारलं. बाई हसल्या नाहीत.

"तुमच्या किडन्या रक्तदाबानं आधीच थकल्या होत्या, तुम्हाला पत्ता नव्हता. प्रथिनं पचली की लिव्हर त्यांचा कचरा किडन्यांकडे ढकलतं. तुमच्या किडन्यांना ते ओझं झेपेना. फुफू खा, मटण चवीपुरतं."

कुमासी शहरातल्या जिममध्ये बोआतेंगनं कितीतरी पोरांचे दंड घडवले होते. बाजारात त्याला सगळे 'माचो', म्हणजे पैलवान, म्हणत. जेवायला मात्र त्याच्याबरोबर कोणी नसे. दर रविवारी आई अंगणात फुफूचं, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाच्या मऊ गोळ्याचं आणि सूपचं, मोठं भांडं मांडायची, सगळे भोवती बसायचे. हा पायरीवर पाठ करून उकडलेली कोंबडी आणि अंड्यांचं पांढरं डब्यातून खायचा. "एक घास तरी घे रे," आई म्हणायची. "स्पर्धा आहे, आई." स्पर्धा संपायची, दुसरी यायची. "एका घरात दोन चुली, मग लग्न कशाला?" म्हणत बायको निघून गेली. पुढे आई वारली.

दवाखान्यातून तो थेट बहिणीकडे गेला. सेरवा एकटीच होती. मुलं आक्राला नोकरीला.

"तुझ्यासाठी काही केलं नाहीये बाबा," ती ओशाळून म्हणाली. "तुझा डबा आणलायस ना?"

"नाही. तुझ्यातलंच दे."

तिनं भांडं आणलं आणि त्यातला मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो परत तिच्याकडे ढकलला.

"माझ्या हातचं आजही चालत नाही?"

"किडन्या गेल्यात गं माझ्या. निम्म्याहून जास्त."

सेरवानं तो तुकडा भांड्याच्या कडेला सारला. मग म्हणाली, "हात धू."

समोर बसून त्यानं फुफूचा गोळा तोडला, सूपमध्ये बुडवून तोंडात घातला आणि चावू लागला. तो दातांना चिकटला.

"फुफू चावतात का रे? आईनं शिकवलं नाही?"

"तिच्यापाशी बसलो कधी?"

 सेरवानं लहानसा घास तोडून सूपमध्ये बुडवला आणि त्याला नीट दिसेल असा, सावकाश, न चावता गिळून दाखवला.