रिगोबेर्तोचं दाट रक्त

ओरुरोच्या उंच, गारठलेल्या माळावर जन्म काढलेल्या रिगोबेर्तोला एका गोष्टीचा भारी गर्व होता. आपलं रक्त दाट! खाणीतली मुकादमकी संपली तरी अंगातली जाईना. आता ती सुनेवर चाले. नोएलिया खालच्या, उष्ण मुलखातली, सांताक्रूझची. "तुमच्याकडं रक्त कुठलं? नुसतं पाणी," असं तो रोज ताटावर बसून ऐकवायचा. ती लामा या लोकरी जनावराचं सुकं मांस वाढायची आणि मनात म्हणायची, बडबड म्हाताऱ्या, जिभेला कुठं हाड असतं!

मग त्याचं डोकं ठणकू लागलं, ओठ जांभळे पडले. नोएलियानं त्याला दवाखान्यात नेलं. "आधी हिचं तपासा," त्यानं हट्ट धरला, म्हणून दोघांचंही रक्त घेतलं.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूनबाईचं हिमोग्लोबिन पंधरा, ठीक आहे. तुमचं तेवीस."

"बघितलंस? तेवीस!" परीक्षेत पहिला आल्यासारखा तो सुनेकडं वळला.

"अहो, हे मार्क नव्हेत. इथली हवा विरळ, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. तुमच्या फारच वाढल्यात. रक्ताचा पाक झालाय, गुठळी होईल."

"आणि पांढऱ्या? माझे आजोबा स्पेनचे होते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. त्यांना आजोबा नसतात."

नोएलियाला हसू आलं नाही. असल्या माणसाला आपण इतकी वर्षं घाबरत होतो, याचीच तिला किळस आली.

थोडं रक्त काढून टाकायला सांगितलं होतं, पण म्हातारा फिरकेना. 'तेवीस, तेवीस' करत गल्लीभर मिरवला. एका रविवारी भाषण ठोकता ठोकता हातातला पेला गळून पडला. बोटं वळेनात, जीभ अडखळली. घटकाभरानं सगळं पूर्ववत झालं, पण नोएलियानं त्याला टॅक्सीत कोंबलं. सुई टोचताच मुकादम लहान पोरासारखा रडला. "आई गं! नोएलिया, हात धर गं माझा!" तिनं धरला. पिशवी मुंगीच्या पावलानं भरली.

डोक्याचा ठणका उतरला तसा तोरा परत चढला. दारात शेजारी जमवून तो म्हणाला, "माझं रक्त ज्याला चढवलं असेल, तो आता डोंगर उचलत असेल!"

"कुणालाही चढवलं नाही, बाबा," नोएलिया दारातूनच म्हणाली. "असलं रक्त कुणाला देत नाहीत. पिशवी कचऱ्यात टाकली. माझ्यासमोर."

शेजारी खो खो हसले. म्हातारा उठून आत गेला. आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. ती बटाटे सोलायला बसली.